जुळवलेल्या वह्या

मागच्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी काही कागदांच्या प्रती काढण्यासाठी उभी होते. तीन माणसे आत आली की भरून जाणारे ते दुकान. संगणकाचा पडदा ग्राहकाकडे वळवून ठेवलेला, कारण कोणती फाईल छापायची ते ग्राहकानेच बोट ठेवून सांगायचे असते. पडद्यावर दुकानाचे व्हॉट्सॲप उघडे होते आणि त्यात नावे नव्हती, नुसते नंबर होते. माझा नंबर सापडेपर्यंत त्या मुलाने दोन-तीन चुकीचे नंबर उघडले. एकात कोणाची तरी दहावीची गुणपत्रिका होती, दुसऱ्यात रक्त तपासणीचा अहवाल, तिसऱ्यात घराचा भाडेकरार. मग माझा नंबर उघडला आणि नुकत्याच पाठवलेल्या फाईलच्या वर, त्याआधीच्या ऑगस्टपासून तिथेच बसलेले माझे आधार कार्ड दिसले, दोन्ही बाजूंनी, स्वच्छ प्रकाशात काढलेले. त्याच्याखाली माझ्या आईच्या पेन्शनचे कागद होते.

‘‘हे अजून ठेवलंयस होय?’’ मी विचारले. ‘‘असू दे की ताई, परत लागलं तर तुमास्नी पाठवायला नको,’’ तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सौजन्याखेरीज काहीही नव्हते. पाठवलेला संदेश दोन्हीकडून पुसण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये साधारण अडीच दिवसच असते. सात महिन्यांनंतर माझ्या हातात काही उरले नव्हते. त्याने बिचाऱ्याने माझ्यासमोर सगळे पुसले. डाउनलोड्सच्या फोल्डरमधली प्रत मीच त्याला दाखवली, तीही पुसली, रिसायकल बिन रिकामे केले. तेवढ्यात मागच्या गृहस्थांनी ‘‘आवरा की लवकर’’ म्हटले आणि मी बाहेर पडले.

ऑफिसात येईपर्यंत राग होता, खुर्चीवर बसल्यावर तो उतरला. मी लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरते. बावीस वर्षे हाच व्यवसाय आहे. स्वतःचा फोन उघडून पाहिला, तर त्या मुलाच्या संगणकावर जे होते त्याच्या कैकपट माझ्याकडे होते: पॅन, आधार, बँकेची पासबुके, कर्जाचे हप्ते, एका क्लायंटचा घटस्फोटाचा हुकूमनामा, दुसऱ्याच्या डायलिसिसची बिले. शिवाय प्राप्तिकराच्या पोर्टलचे पासवर्ड एका दोनशे पानी वहीत ओळीने लिहिलेले, आणि ती वही टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, ज्याला कुलूप आहे पण किल्ली कायम त्यालाच लटकलेली असते. झेरॉक्सवाल्याला बोलण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न त्या दिवशी पडला आणि त्यानंतर काही महिने मी खासगीपणाविषयी जे वाचले, तपासले आणि बदलले ते इथे लिहीत आहे.

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला खासगीपणा या शब्दाचे थोडे हसूच येते. पेठेत वाढलेल्याला तर विचारूच नका. कोणाच्या घरी पाहुणे बघायला आले आणि कोणाचा नकार आला हे तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत कळलेले असते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून ग्लास हातात देणाऱ्याला आपण रोज येतो की नाही हे ठाऊक असते, गुजरीतल्या सराफाला घरात कार्य आहे हे ठाऊक असते, औषधाच्या दुकानदाराला वडिलांची शुगर किती ते ठाऊक असते. मात्र हे तिघे रात्री दुकाने बंद झाल्यावर एकत्र बसून आपापल्या वह्या जुळवत नाहीत. दूधवाल्याची वही दूधवाल्याकडे, सराफाची सराफाकडे. प्रत्येकाला आपला एक तुकडा माहीत असतो, आणि आपल्यालाही त्या प्रत्येकाचा तोंडवळा आणि त्याचा एखादा तुकडा माहीत असतो. इंटरनेटवर आपण जे देतो ते यापेक्षा वेगळे किंवा अधिक गुपित असतेच असे नाही. तिथे फरक पडतो तो वह्या जुळवण्याने, आणि जुळवणाऱ्याचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही याने.

हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाला जुळवणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दोन वह्या जुळवायच्या तर दोन्हींत समान असलेली एक नोंद सापडावी लागते, मग बाकीच्या ओळी आपोआप एकमेकींशेजारी येऊन बसतात. माणसाच्या बाबतीत ही समान नोंद म्हणजे मोबाईल नंबर, ईमेलचा पत्ता, पॅन किंवा जन्मतारीख. नाव काढून टाकले म्हणजे माहिती निनावी झाली, ही समजूत किती कच्ची आहे हे लताण्या स्वीनी या संशोधक महिलेने अमेरिकेत १९९० च्या दशकातच दाखवून दिले होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातील नोंदी नावे वगळून संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली, दोन्हींतली जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले, आणि राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच आजारपणाच्या नोंदी वेगळ्या काढल्या. त्या शहरात वेल्ड यांच्या जन्मतारखेचे मतदार सहाच होते, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारे ते एकटे. पुढे १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून त्यांनी असा हिशेब मांडला की एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के माणसे एकमेव म्हणून ओळखता येण्याजोगी आहेत. आपल्याकडे एका पिनकोडात कितीतरी अधिक माणसे राहतात, त्यामुळे हा आकडा इथे जसाच्या तसा लावू नये; पण आपण फॉर्म भरताना जन्मतारीख आणि पिनकोडवर थांबतोच कुठे, मोबाईल नंबर तर पहिल्याच रकान्यात असतो.

पॅनचेच पाहा. दहा अक्षरांच्या त्या क्रमांकात चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते, व्यक्तीसाठी ते ‘पी’ असते, आणि पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. माझ्या एका निवृत्त शिक्षिका क्लायंट आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वार्षिक माहिती विवरणात, ज्याला आम्ही एआयएस म्हणतो, घरभाड्याची रक्कम दिसू लागली. बाईंचे स्वतःचे घर एकच, त्यात त्या स्वतः राहतात, आणि भाडेकरू म्हणून दिसणाऱ्या माणसाचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर दाखवून घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असेल, तर नोकरदाराला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. कोणीतरी तो रकाना बाईंच्या पॅनने भरून टाकला होता. पॅन त्याला कुठून मिळाला हे शेवटपर्यंत कळले नाही. बाई आठवून आठवून जागा सांगत होत्या: साड्यांच्या दुकानातली मोठी खरेदी, सहलीची कंपनी, सोसायटीचे ऑफिस, गॅसची एजन्सी. आम्ही पोर्टलवर ती माहिती अमान्य असल्याचा अभिप्राय नोंदवला आणि पुढे प्रकरण निवळले, पण त्या दोन महिन्यांत बाईंची झोप उडाली होती.

या प्रसंगात मला एक गोष्ट मात्र जमेची वाटते. एआयएस हीसुद्धा जुळवलेली वहीच आहे. बँका, निबंधक कार्यालये, म्युच्युअल फंड यांनी कळवलेल्या नोंदी पॅनच्या धाग्यात ओवून ती तयार होते. परंतु ती कायद्याने जुळवलेली आहे, मला उघडून वाचता येते आणि चूक असेल तर चूक म्हणून कळवता येते. कुठल्याशा जाहिरात कंपनीकडे माझी जी वही असेल, तिचे असे विवरण मला कोणी पाठवत नाही. गूगल निदान आपल्या खात्यातील हालचालींची यादी दाखवते आणि तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांनंतर ती आपोआप पुसण्याची सोय देते. मी ती तीन महिन्यांवर ठेवली आहे. त्या यादीत २०१६ साली मी रात्री अडीच वाजता शोधलेला एका आजाराचा शब्द जसाच्या तसा होता. तो आजार मला नव्हता, आणि तो कोणाला होता हे त्या यादीवरून कोणालाही तर्काने काढता आले असते.

जन्मतारखेविषयी माझे मत जरा कडक आहे. एआयएसची पीडीएफ उघडायची तर पासवर्ड काय, तर लहान लिपीतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. ई-आधारच्या फाईलचा पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचे वर्ष. बँकांची विवरणे याच धाटणीने येतात. म्हणजे ज्या गोष्टी दर वाढदिवसाला लोक स्वतःच्या केकच्या फोटोसह जगजाहीर करतात, त्याच आपल्या आर्थिक कागदांच्या कुलपाच्या किल्ल्या आहेत. अशी फाईल ज्याच्या हाती पडते त्याच्याकडे बहुधा पॅन आणि जन्मतारीख आधीच असते, म्हणून या पासवर्डला मी कुलूप समजत नाही, दाराला लावलेली कडी समजते. या फाईली फॉरवर्ड करताना खाली ‘पासवर्ड अमुक’ असे लिहिणाऱ्या मंडळींत मीही होते.

मोबाईल नंबरची गोष्ट याहून रोजची आहे. महाद्वार रोडवर सणाच्या गर्दीत बिल करताना काउंटरवरची मुलगी यंत्रासारखी ‘‘नंबर सांगा’’ म्हणते आणि आपण मागे उभ्या असलेल्या दहा जणांना ऐकू जाईल असे दहा आकडे खणखणीत आवाजात सांगतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना कळवले होते की, मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही असा आग्रह धरू नये. मी आता ‘‘नंबर नको, कागदी बिल द्या’’ म्हणते. नव्वद टक्के वेळा मुलगी खांदे उडवते आणि बिल देते. एखादेवेळी ‘‘सिस्टीम घेत नाही मॅडम’’ असे उत्तर येते, आणि मग सिस्टीमला शून्ये दिली की ती निमूट घेते. जिथे नंबर द्यावाच लागतो अशा किरकोळ ठिकाणांसाठी मी एक वेगळे सिम ठेवले आहे. बँक, आधार आणि प्राप्तिकर ज्या नंबरला जोडलेले आहेत तो नंबर दुकानांना जात नाही. खर्च थोडा होतो, पण दोन वह्यांमधली समान नोंद तुटते.

याला जोडूनच एक इशारा. बंद केलेला नंबर तीन महिने उलटल्यावर कंपनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. जुना नंबर सोडण्याआधी तो बँकेतून, आधारमधून आणि ईमेलच्या खात्यातून काढला नसेल, तर आपला ओटीपी कोण्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते, आणि ओळखीचे नसलेले तिथेच कळवता येते. माझ्या भावाच्या नावावर असे एक निघाले.

ब्राउझरबद्दल थोडक्यात लिहिते, कारण यात गैरसमज फार आणि करण्यासारखे थोडे. इन्कॉग्निटो खिडकी उघडली म्हणजे आपण अदृश्य झालो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती फक्त आपल्याच संगणकावर इतिहास ठेवत नाही. समोरच्या संकेतस्थळाला आणि नेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण दिसायचे ते दिसतोच. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० साली गूगलविरुद्ध दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोड करताना गूगलने साठलेल्या जुन्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. पत्त्याच्या सुरुवातीचे एचटीटीपीएस हे पाकीट बंद असल्याची खूण आहे. पाकिटातले पत्र वाटेतल्या कोणाला वाचता येत नाही, पण ते कोणाच्या घरी चालले आहे हे पोस्टमनला कळते. शिवाय भामट्याच्या घरी जाणारे पाकीटही बंद असू शकते, हे विसरू नये. व्हीपीएन, म्हणजे आपली नेटवरची सगळी ये-जा दुसऱ्या एका कंपनीमार्फत नेणारी सेवा, घेतले की पोस्टमन बदलतो, एवढेच. फुकटचे व्हीपीएन मी कोणालाही सुचवणार नाही. सगळी पत्रे ज्याच्या हातून जाणार, तो पोट कशावर भरतो हे आधी विचारावे. कुकी, म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, १९९४ साली निघाली ती संकेतस्थळाला आपली आठवण राहावी म्हणून, आणि तिचाच पुढे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात माग काढण्यासाठी उपयोग झाला. फायरफॉक्स आणि सफारी यांनी अशा तिसऱ्याच्या कुकीज फार पूर्वी रोखल्या, क्रोमने रोखू म्हणून २०२० मध्ये जाहीर केले आणि २०२४ मध्ये बेत सोडला. मी फायरफॉक्स वापरते.

फोनमधल्या ॲपना दिलेल्या परवानग्यांचे मात्र मला मनापासून वाईट वाटले. पंचांगाच्या एका ॲपला मी संपर्कयादी पाहण्याची परवानगी देऊन ठेवली होती. एकादशी कधी आहे हे सांगायला माझे साडेनऊशे संपर्क कशाला हवेत, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नव्हता. ही परवानगी इतर परवानग्यांसारखी नाही. कॅमेरा किंवा ठिकाण देताना मी माझे काहीतरी देते. संपर्कयादी देताना मी साडेनऊशे माणसांचे नंबर त्यांना न विचारता देते, आणि तेही मी ज्या नावांनी जपून ठेवले आहेत त्या नावांसकट. माझ्या यादीत ‘अमुक जीएसटी नोटीस’, ‘तमुक कर्ज थकीत’ अशी नावे होती. अनोळखी नंबर कोणाचा ते सांगणाऱ्या ॲपमध्ये माणसांची चित्रविचित्र टोपणनावे दिसतात, ती कुठून तरी अशीच आलेली असतात. मी त्या रात्री नावे साधी केली आणि बावीस ॲपच्या परवानग्या काढल्या. त्यातले एकही ॲप बंद पडले नाही. ठिकाणाची परवानगीही ‘वापरात असतानाच’ आणि जिथे चालेल तिथे ‘अंदाजे’ अशी ठेवता येते, आणि अँड्रॉइड फोनमधला जाहिरात ओळख क्रमांक, ज्यावरून जाहिरातवाले तो फोन ओळखतात, सेटिंग्जमध्ये जाऊन पुसता येतो.

एक प्रसंग मात्र या सगळ्याच्या उलट बाजूचा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडचे आमचे नातेवाईक अडकले, तेव्हा मीच त्यांची नावे, नंबर, घरात किती म्हातारी माणसे, कोणाला इन्सुलिन लागते, हे सगळे सापडेल त्या ग्रुपवर टाकले होते. आजही तेच करीन. खासगीपणा जिवापेक्षा मोठा नसतो. फक्त पाणी ओसरल्यावर ते संदेश पुसायचे कोणाच्याच ध्यानात आले नाही, आणि २०२१ च्या पुरात तीच जुनी यादी पुन्हा फिरत माझ्याकडे आली.

कायदा काय म्हणतो, हे क्लायंट मला विचारतात. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक बंधने लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती कशासाठी घेतली ते सांगणे, संमती परत घेऊ देणे, काम झाल्यावर माहिती पुसणे हे त्यात आहे, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांनाच शोभावा असा आहे हे खरे, पण लोकांची माहिती संगणकावर ठेवणारी माझ्यासारखी एकटी सल्लागारही कायद्याच्या भाषेत जबाबदारच ठरते. मला हे योग्य वाटते, गैरसोयीचे असले तरी.

‘‘आपल्याकडे लपवण्यासारखं हाय काय?’’ असे म्हणणारे एक जुने क्लायंट आहेत. त्यांचा हिशेब खरोखर चोख असतो, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण माझ्या टेबलासमोर बसलेले असताना दुसरे कोणी आत आले की ते न बोलता आपली फाईल पालथी घालतात. त्यांना मी यावर कधी उत्तर दिलेले नाही.

ऑफिसात मी एवढे बदलले. पासवर्डची वही फाडली आणि तिच्या जागी पासवर्ड सांभाळणारे सॉफ्टवेअर घेतले. त्याचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. एक साधा प्रिंटर घेतला, आणि बाहेर छापायचे झाल्यास पेन ड्राइव्ह नेऊन काम झाल्यावर समोर फाईल पुसून घेते. जिथे पूर्ण आधार लागत नाही तिथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार देते. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरूनच उतरवता येते. तिथेच बोटांचे ठसे आणि बुबुळांची ओळखही कुलूपबंद करता येते, ती मी आईची आणि माझी केली. झेरॉक्सवर ‘केवळ अमुक कामासाठी’ असे तारखेसह आडवे लिहून सही करते. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप पिन लावला, बॅकअपचे एन्क्रिप्शन, म्हणजे तो इतरांना वाचता येऊ नये अशी सोय, वेगळे चालू करावे लागते ते केले, आणि लिंक्ड डिव्हायसेसच्या यादीत दोन वर्षांपूर्वी विकलेला लॅपटॉप निघाला तो काढला. जुन्या फाईलींच्या कपाटाचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. प्रकरणे पुन्हा उघडू शकतात, म्हणून ती जाळताही येत नाहीत.

शेवटी गेल्या महिन्यात सर्व क्लायंटना एक संदेश पाठवला: यापुढे पॅन, आधार, पासबुक यांचे फोटो कृपया व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत, कागद ऑफिसात दाखवावेत, आणि आधार द्यायचेच असेल तर आकडे झाकलेले द्यावे. दहाच मिनिटांत एका निवृत्त मुख्याध्यापकांचे उत्तर आले. आधार कार्डाची पुढची बाजू, मागची बाजू, आणि खाली सुवाच्य मराठीत प्रश्न: ‘‘मॅडम, यातले नेमके कोणते आकडे झाकायचे, ते यावरच खूण करून पाठवावे.’’